टाइल डोळ्यांनी नाही, पायांनी निवडा!

फ्लॅटचा ताबा मिळाला आणि आम्ही दोघांनी लागोपाठ तीन वीकेण्ड टाइल्सच्या शोरूम्समध्ये घालवले. गारेगार एसी, झकास लाइटिंग, वर कॉफी फुकट... अशा ठिकाणी माणूस काय निवडणार? अर्थातच सगळ्यात चकचकीत! बाथरूमसाठी आम्ही आरशासारखी ग्लॉसी, पांढरीशुभ्र टाइल घेतली. भिंतीला तीच आणि खालीही तीच. मित्रमंडळी म्हणाली, 'वॉव, एकदम फाइव्ह स्टार!'

मग गावाहून आई राहायला आली. तिसऱ्याच दिवशी सकाळी बाथरूममधून धप्पकन आवाज आला. मनगट फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर. 'माझाच पाय घसरला रे,' असं ती म्हणत राहिली. पण चूक तिच्या पायाची नव्हती, माझ्या डोळ्यांची होती.

ती फरशी उखडून नवी घालताना मात्र मी नीट होमवर्क केला. तुमच्या घराचं काम निघालं असेल तर तुम्हालाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, भिंतीची टाइल वेगळी आणि जमिनीची वेगळी. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल सच्छिद्र असते, स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते. ती जमिनीवर टाकली तर वजनाने तडकू शकते. व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, म्हणून ती मजबूत. पण मजबूत म्हणजे न घसरणारी नव्हे! माझी गफलत इथेच झाली.

घसरण्याचा हिशेब वेगळा असतो. त्यासाठी कॅटलॉगमध्ये आर ९ ते आर १३ असे नंबर असतात. आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. बाथरूमच्या जमिनीसाठी आर १० किंवा आर ११ मागा. नंबर सापडत नसेल तर सोपी युक्ती आहे. सॅम्पल घरी आणा, त्यावर साबणाचं पाणी ओता आणि कशाचा तरी आधार धरून अनवाणी पाय घासून बघा. पायाला लगेच कळतं!

बाथरूममध्ये दोन बाय दोनचा मोहही टाळा. एक बाय एक फुटाची टाइल घेतली की सांधे जास्त येतात, पायाला पकड मिळते आणि मिस्त्रीला जाळीकडे उतारही नीट काढता येतो. पाणी साचलं नाही की निम्मं टेन्शन गेलं.

हॉलमध्ये प्रश्न ओरखड्यांचा. तिथे ग्लेझ्ड टाइल घेणार असाल तर पीईआय नंबर विचारा. तो ग्लेझ किती झिजेल ते सांगतो. घरातल्या वावरासाठी ३ किंवा ४ पुरेसा.

खरेदी करताना मापापेक्षा १० टक्के जास्त घ्या आणि सगळ्या बॉक्सवरचा शेड नंबर एकच आहे ना, ते स्वतः तपासा. एक बॉक्स माळ्यावर टाकून ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स गुजरातमधल्या मोरबीहून येतात आणि तिथे डिझाइन्स भराभर बदलतात. दोन वर्षांनी एक टाइल फुटली तर जोडीची मिळेलच असं नाही.

आणि हो, व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटवर तिची पकड कच्ची राहते. मिस्त्री कितीही कुरकुरला तरी अ‍ॅढेसिव्हचाच आग्रह धरा. बसवून वाळली की नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथल्या तिथे पुन्हा बसवून घ्या.

आमच्या बाथरूममध्ये आता करड्या रंगाची मॅट टाइल आहे. फाइव्ह स्टार वगैरे कोणी म्हणत नाही. दिवाळीत आई पुन्हा आली. दारातच थांबली, एक पाय आत टाकून चाचपून पाहिला आणि म्हणाली, 'ही बरी आहे. आपल्या घरच्या शहाबादीसारखी.'

यापेक्षा मोठी कॉम्प्लिमेंट नको मला!