घाटाखालची निहाली

बुलढाणा जिल्ह्यात नव्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. मेहकर, चिखली, सिंदखेडराजा, लोणार घाटावर. खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद घाटाखाली. लोणार तालुक्यातलं सुलतानपूर घाटावरचं. मेहकरकडून लोणारला जाणारी माणसं या गावावरूनच जातात, आणि त्यांत परदेशातून आलेले भूवैज्ञानिकही असतात. उल्कापातानं बेसाल्ट खडकात तयार झालेलं असं विवर पृथ्वीवर किती दुर्मीळ आहे, हे इथल्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतं. पण जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, भाषाशास्त्राच्या दृष्टीनं तेवढीच दुर्मीळ गोष्ट आहे. तिचं नाव घाटावर घेतलं, तर बहुतेकांना ते कधी कानावरून गेलेलं नसतं.

निहाली. काही पुस्तकांत तिला नहालीही म्हटलं आहे. निहाल समाजाची ही भाषा. जगातल्या कुठल्याही दुसऱ्या भाषेशी तिचं रक्ताचं नातं आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही.

सुलतानपूरहून तिकडे जायचं तर मेहकर, मग खामगावच्या बाजूनं घाट उतरून नांदुरा, येरळीला पूर्णेचा पूल, आणि पुढे जळगाव जामोद. कपाशीची काळी रानं संपत आली की समोर सातपुडा उभा राहतो. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, अंबाबरवा, वसाली, चिचारी ही निहालीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा येणारी गावं याच पट्ट्यातली. डोंगराच्या पलीकडे मध्य प्रदेशातल्या निमाडमध्ये टेंभी हे आणखी एक गाव आहे. निहालीच्या अभ्यासात त्याचं नाव फार मोठं. १९९१ च्या सुमाराचा अंदाज असा होता, की निहाल समाज पाचेक हजारांचा आणि भाषा बोलणारे त्यातले दोनेक हजार. फक्त निहालीच येते, दुसरी कुठलीच भाषा येत नाही, असा माणूस आता उरलेला नाही. घरात निहाली, शेजाऱ्याशी कोरकू, बाजारात आणि शाळेत मराठी किंवा हिंदी, असं तिथलं जगणं आहे.

निहालीचं वेगळेपण कळायला आधी तिची शेजारीण पाहावी लागते. मेळघाटात आणि या पट्ट्यात बोलली जाणारी कोरकू आपल्याला परकी वाटते, पण भाषाशास्त्राच्या नकाशावर ती एका प्रचंड कुळाची पश्चिमेकडची शेवटची वस्ती आहे. कोरकूत डोळ्याला मेड, हाताला ती, पाण्याला डा. झारखंडातल्या संथाळीत हेच शब्द मेत्, ती, दाक् असे भेटतात. आणखी पूर्वेला व्हिएतनामी भाषेत डोळा म्हणजे मात आणि हात म्हणजे ताय. हे शब्द योगायोगानं जुळलेले नाहीत. ध्वनी कसे बदलत गेले याचे नियम मांडता येतात, आणि त्या नियमांच्या आधारावर कोरकू, संथाळी, ख्मेर, व्हिएतनामी या सगळ्या ऑस्ट्रोआशियाई कुळात एकत्र येतात. चिखलदऱ्याच्या बाजारात कानावर पडणाऱ्या बोलीचं नातं पार हनोईपर्यंत पोहोचतं.

आता निहाली. डोळा जिकि, हात बक्को, पाणी जोप्पो, झाड अड्डो, रक्त चोर्टो, अंडं कलेन. यातला एकही शब्द कोरकूत नाही, गोंडीत नाही, भिलीत नाही, मराठीत नाही. दोनला इरार आणि चारला नालो म्हणतात. तिथं कन्नडमधले एरडु आणि नाल्कु लगेच आठवतात. म्हणजे द्राविडी भाषांशी निहालीची कधीतरी गाठ पडली होती. तिचे बरेचसे शब्द आणि व्याकरणाचा मोठा भाग कोरकूतून आलेला आहे, मराठी-हिंदीचा तर सततचा ओघ आहे. उसनवारी इतकी, की वरवर ऐकणाऱ्याला ती कोरकूचीच मोडकीतोडकी बोली वाटावी. पण शरीराचे अवयव, पाणी, झाड, रक्त हे शब्द भाषा सहसा शेवटपर्यंत सोडत नाही, आणि नेमके तेच शब्द इथं कुणाशी जुळत नाहीत. म्हणूनच हे गाठोडं अभ्यासकांना इतकं मोलाचं वाटतं.

हे कळायला मात्र अर्धं शतक गेलं. जॉर्ज ग्रियर्सन यांनी १८९४ मध्ये भारताचं भाषिक सर्वेक्षण सुरू केलं आणि ते १९२८ पर्यंत चाललं. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायची, स्थानिक बोलीत उतरवून घ्यायची आणि कागद परत मागवायचे, ही त्यांची पद्धत. आपल्या वऱ्हाडीचे नमुनेही असेच गोळा झाले आणि १९०५ च्या मराठीच्या खंडात छापले गेले. मुंडा (म्हणजे कोरकू-संथाळी ज्या शाखेत येतात ती) आणि द्राविडी भाषांचा चौथा खंड १९०६ चा, आणि तो तयार केला नॉर्वेच्या स्टेन कोनोव्ह यांनी. त्यांच्यासमोर निहालीचा माणूस नव्हता, होते ते कारकुनांनी आपल्या कानाला जमेल तसे लिहून पाठवलेले कागद. त्यांवरून त्यांनी निष्कर्ष काढला, की ही मूळची कोरकूसारखी मुंडा बोली असावी, तिच्यावर आधी द्राविडी थर चढला आणि मग आर्य भाषांचा. त्या साधनांत यापेक्षा जास्त कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही. पण मोठ्या ग्रंथात छापलेलं मत लवकर हलत नाही, आणि पुढची कित्येक वर्षं निहाली कोरकूच्या खात्यावरच जमा राहिली.

१९४० मध्ये रॉबर्ट शेफर या अमेरिकी अभ्यासकानं ग्रियर्सनच्याच सामग्रीवर पुन्हा काम केलं आणि या भाषेच्या तळाशी काहीतरी वेगळं आहे हे दाखवायला सुरुवात केली. खरा फरक पडला तो सुधीभूषण भट्टाचार्य यांच्यामुळे. ते स्वतः टेंभीला गेले, माणसांसमोर बसले, शब्द आणि वाक्यं कानानं ऐकून टिपली. त्यांची टिपणं १९५७ मध्ये ‘इंडियन लिंग्विस्टिक्स’ या नियतकालिकात आली. त्यांच्या आधारावर नेदरलँड्समधल्या लायडनचे संस्कृतचे प्राध्यापक एफ. बी. जे. कॉयपर यांनी १९६२ मध्ये एक छोटं, पण पुढच्या प्रत्येक अभ्यासकाला वाचावंच लागणारं पुस्तक लिहिलं. एकेक शब्द घेऊन त्यांनी हिशेब मांडला: हा कोरकूचा, हा द्राविडी, हा आर्य. सगळी उसनवारी वजा केल्यावर सुमारे एक चतुर्थांश शब्द उरले, ज्यांना कुठेच मायबाप सापडत नव्हते. भारतात आर्य, द्राविडी आणि मुंडा भाषा पसरण्याआधी इथं जी माणसं राहत होती, त्यांच्या बोलण्याचा हा अवशेष असेल का, हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे विचारला.

कॉयपर यांनी एक शंकाही मांडली होती, आणि ती मला टाळावीशी वाटत नाही. ही भाषाच आहे, की बाहेरच्याला कळू नये म्हणून मुद्दाम घडवलेली गुप्त बोली? शंकेला आधार होता. निहाल पिढ्यान् पिढ्या कोरकू शेतकऱ्यांकडे मजुरीला राहिले. मालकाला कळू नये असं काही बोलायचं, तर निहालीत बोलायचं, ही सवय अभ्यासकांनी नोंदवलेली आहे. पण लपवण्यासाठी वापरलेली भाषा लपवण्यासाठीच जन्मली, असं म्हणता येत नाही. दोन वऱ्हाडी माणसं पुण्यातल्या दुकानात भाव करताना एकमेकांशी ‘मले-तुले’ वर येतात तेव्हा तीही तेच करत असतात. निहालीला तिची सर्वनामं आहेत, तिची क्रियापदं चालतात, गावागावांत तिचे भेद आहेत: कुवरदेव-चालठाण्याकडची निहाली आणि जामोद-सोनबर्डीकडची निहाली यांत फरक आहे. असा प्रादेशिक फरक पिकायला पिढ्या लागतात. माझं मत भाषेच्याच बाजूचं आहे, आणि नंतरचे बहुतेक अभ्यासक तिच्याकडे भाषा म्हणूनच पाहतात.

लपण्याची गरज का पडली, याचं उत्तर जुन्या सरकारी कागदांत दिसतं. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिजमातींच्या ग्रंथात म्हटलं आहे, की डोंगरातल्या लूटमारीची गोष्ट आली की जुन्या दस्तऐवजांत ‘नहाल, भिल्ल, कोळी’ अशी तीन नावं जोडीनं येतात. ज्याचं नावच दरोड्याच्या नोंदीत लिहिलं जातं, तो आपली बोली चार लोकांत मिरवणार कशी?

आज तरी वेगळं काय आहे? महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कोरकूंच्या नोंदीत बोपची, मवासी, निहाल, नहूल अशी नावं एकाखाली एक दिली आहेत. कागदावर निहाल हा कोरकूंचाच एक भाग. सवलतींसाठी ते सोयीचं असेल, पण भाषेच्या बाबतीत ही नोंद कोनोव्ह यांच्या काळातच थांबली आहे. जनगणनेचं आणखी वाईट. १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषा वेगळ्या छापल्या जात नाहीत, त्या ‘इतर’ मध्ये जातात. २०११ च्या जनगणनेत अशा चाळणीतून १२१ भाषा वर राहिल्या. कोरकू त्यात आहे, सव्वासात लाखांवर भाषकांसह. निहाली असणं शक्यच नव्हतं, कारण तिची सगळी माणसं मोजली तरी ती चाळणीतून खालीच पडणार.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं ऋण इथं मानायला हवं. आशा मुंडले यांनी जमवलेला निहाली शब्दसंग्रह १९९६ मध्ये ‘मदर टंग’ या अमेरिकी नियतकालिकात छापला गेला. त्या अंकात निहालीवर इतरांचेही लेख आहेत, नॉर्मन झाइड यांच्यासारख्या मुंडा भाषांच्या जाणकाराचाही. के. एस. नागराज यांचं निहालीचं व्याकरण, संहिता आणि शब्दसंग्रह २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानानं प्रसिद्ध केलं. शैलेंद्र मोहन यांनी संकटग्रस्त भाषांच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून निहालीची ध्वनिमुद्रणं आणि चित्रफिती केल्या. डेक्कन कॉलेजातच सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण झालं. लोकांना चित्रं आणि छोट्या चित्रफिती दाखवून बोलतं केलं गेलं. उधळ्या मुलाच्या गोष्टीचं भाषांतर मागण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी खरी, कारण माणूस तिथं स्वतःचं बोलतो.

यातलं जवळपास सगळं इंग्रजीत आहे. जामोदच्या पोराला आपल्या आजीच्या भाषेचं व्याकरण वाचायचं असेल, तर आधी इंग्रजी शिकावं लागेल. सुलतानपूरच्या शिक्षकाला आपल्याच जिल्ह्यातल्या या भाषेबद्दल मुलांना सांगायचं असेल, तर हाताशी मराठी पुस्तक नाही. हे मला फार लागतं. जगात अशा एकाकी भाषा थोड्याच आहेत: गिलगिटकडची बुरुशास्की, नेपाळातली कुसुंडा, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची बास्क. बास्कची स्वतःची अकादमी १९१९ पासून आहे, १९८२ पासून त्या भाषेत दूरचित्रवाणी वाहिनी आहे, शाळा आहेत. तिचे भाषक लाखांत आहेत हे खरं, पण फ्रँकोच्या राजवटीत तिलाही शाळेतून हद्दपार केलं होतं. तिथल्या लोकांनी ती परत आणली.

निहालीसाठी एवढं मोठं स्वप्न नको. अमरावती विद्यापीठाच्या हद्दीत मराठीचे कितीतरी विभाग आहेत. त्यांतल्या चार विद्यार्थ्यांनी नागराज यांच्या शब्दसंग्रहाची मराठी आवृत्ती करायला घ्यावी. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या आश्रमशाळांत पहिलीच्या मुलांसाठी निहाली-कोरकू-मराठी अशी चित्रांची पुस्तिका असावी, आणि ती निहाल आई-बापांसोबत बसून तयार व्हावी. परदेशी संग्रहांत ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांची प्रत सोनबर्डी-कुवरदेवच्या शाळांत पोहोचावी. आणि अजून कुणी नीट न टिपलेलं जे आहे, म्हणजे सातपुड्यातल्या झाडांची, कंदांची, पाखरांची, दुखण्यावरच्या मुळ्यांची निहाली नावं, त्याला आधी हात घालावा. तेंदूपत्ता आणि मोहफुलांच्या दिवसांत रानात जाणाऱ्या म्हाताऱ्या बायांना ही नावं विचारायला हवीत, कारण घरातल्या बोलण्यात ती येतच नाहीत. ती फक्त रानात चालताना, झाडाकडे बोट दाखवून विचारलं तरच निघतात.