बाळाचे श्वास मोजा, दिवस मोजत बसू नका



उसाची पाने पिवळी दिसली की आपण त्याच दिवशी शेतकी मदतनीसाला गाठतो. घरचे तान्हे बाळ मलूल झाले की मात्र "बारसं होईस्तोवर बघू" म्हणतो. ही वाट पाहणे जिवावर बेतते.

आपल्या औंढा नागनाथ भागातील ज्या लेकी-सुना ए.एन.एम.चा अभ्यास करतात, त्यांना नवजात बाळाची धोक्याची लक्षणे शिकावीच लागतात. त्यातील मोजकी घरच्यांनीही ध्यानात ठेवावीत.

श्वास : बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावा. दोनदा मोजून ६० किंवा जास्त भरला, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर धोका समजावा.

अंग : जंतुसंसर्गात मोठ्यांना ताप येतो, तान्ह्याचे अंग उलट गारही पडते. ताप नाही म्हणून स्वस्थ बसू नये.

दूध : नीट पिणारे बाळ ओढेनासे झाले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, तर "गुणी बाळ, रडत नाही" असे म्हणू नये.

कावीळ : पहिल्या २४ तासांत दिसली, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर कोवळे ऊन पुरत नाही. झटके येणे, बेंबीतून पू येणे हीही दवाखान्याचीच लक्षणे.

हे गावातल्या बाईला जमते का? जमते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायकांना हे ओळखायला आणि घरीच उपचार करायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा ६२ ने कमी भरले. १९९९ साली हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. २०११ पासून देशभर आशाताईही बाळाला पाहायला घरी येतात : ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी. त्यांना दारातूनच परत पाठवू नका.

लक्षण दिसताच १०८ ला फोन करावा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाला उपचार व वाहन मोफत आहे. वाटेत बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे.

शेवटी एक विनंती. आपल्या फडात तोडणीची टोळी असेल आणि कोपीत बाळंतीण असेल, तर आशाताईला निरोप द्या. त्या माउलीला इथे ओळखीचे कोणी नसते. गाडी आपल्या दारात आहे.