मावशींच्या मागे, सिंहगड उतरताना

सिंहगड चढायला पुण्यात सल्ल्यांची वाण नाही. किती वाजता निघा, पाणी किती प्या, हे गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीत पोहोचेपर्यंत कुणी ना कुणी सांगतंच, न विचारता. उतरायचं कसं हे मात्र कुणी सांगत नाही. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. आतकरवाडीच्या पायवाटेनं त्यातले जवळपास ६०० मीटर पायाखालून जातात, आणि परतीच्या वाटेवर त्या प्रत्येक मीटरला गुडघे लागतात.

कोरड्या दिवसांत वाट मुरमाड होते. जिथे घसारा जास्त, तिथे बहुतेक जण एकच करतात : अंग मागे टाकतात आणि टाच रोवतात. सगळं वजन टाचेवर, टाचेखाली मुरूम, की पाय सटकलाच. गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणाऱ्या नवख्यांचंही हेच होतं. उताराची भीती वाटली की माणूस मागे रेलतो, वजन स्कीच्या मागच्या भागावर जातं आणि वळणं हातातून निसटतात. तिथेही शिकवणारा पुढे आणि शिकणारे त्याच्या मागून रांगेत, त्याच्याच रेषेवरून, अशी पद्धत असते.

सिंहगडावर अशी रेष आखून देतात त्या दही-ताक विकणाऱ्या मावशी. माल संपला की रिकामी पाटी डोक्यावर घेऊन त्या उतरू लागतात. पायात साधी चप्पल. मी त्यांच्या मागे लागतो, आठ-दहा पावलांचं अंतर ठेवून. त्याहून जवळ गेलं तर फक्त टाचा दिसतात. लांब राहिलं तर ठेका सुटतो. पाहायची असते कंबर. ती हिंदकळत नाही. पावलं आखूड, गुडघे कायम किंचित वाकलेले, तळवा सपाट पडतो. मोठ्या दगडावरून धप्पकन उडी नाही. शेजारच्या दोन लहान दगडांवरून त्या खाली आलेल्या असतात. थांबतात त्या सपाटीवर, उतारावर कधीच नाही.

थोडा वेळ गेला की आपली पावलंही आखूड पडू लागतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना माणूस कण्हतो. लहान पावलात तो भार थोडा थोडा वाटला जातो.

घड्याळ लावून धावत उतरणारी तरुण मंडळीही दिसतात. त्यांच्या मागे जाऊ नये. त्यांचा वेग दिसतो, पाऊल दिसत नाही. मागे लागावं अशा माणसाच्या, जो आपल्यापेक्षा सफाईदार आहे पण आपल्याला गाठता येतो.

एकदा विचारलंच, "मावशी, पाय टाकता कसा?"

"टाकायचा कसला? पडतोय आपोआप," म्हणाल्या. "तू हो पुढं, मागं कुणी असलं की मला घाई व्हते."

आता पुढे कोण, ते शोधणं आलं.