रूळ कुणासाठी टाकले?

चेंबूरच्या फलाटावर रोज उभे राहणाऱ्या फार थोड्या जणांना त्या रुळांचा जन्म ठाऊक असेल. कुर्ल्याहून चेंबूरला एकेरी लोहमार्ग आला तो १९०६ साली, आणि तोही माणसांसाठी नव्हे. मुंबईचा कचरा वाहून आणण्यासाठी! उतारूंना त्यावरून प्रवास करता येऊ लागला १९२४ मध्ये. म्हणजे अठरा वर्षे या लोहमार्गाच्या लेखी चेंबूर म्हणजे कचरा टाकण्याची जागा होती. लोहमार्ग कोणत्या मालासाठी टाकला आणि कोणत्या दिशेने टाकला, यावर त्याच्या कडेला काय वाढेल ते बरेचसे ठरत असते. देशाच्या बाबतीतही असेच घडते का?

१६ एप्रिल १८५३ ही तारीख विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरने देशाची अर्थव्यवस्था बदलणार नव्हती. कापूस पिकत होता घाटापलीकडे, वऱ्हाड-खानदेशात. तो बैलांच्या पाठीवर लादून लमाणांचे तांडे नेत. एका बैलावर जेमतेम शंभर-सव्वाशे किलो भार. वाट आठवड्यांची, धूळ बसे, पाऊस लागला की माल भिजे. वऱ्हाडचा बराच कापूस तर मुंबईकडे न येता गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई.

आगगाडीने नेमके काय केले, हे समजायला थोडे भौतिकशास्त्र हवे. एक टन माल मातीच्या रस्त्यावरून बैलगाडीने ओढायला साधारण ५० किलोग्रॅम-भार किंवा त्याहून अधिक बल लागते. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा दोन ते पाच किलोग्रॅम-भार पुरतो. वाहतूक स्वस्त होते ती मुख्यतः इथे. इंजिनाच्या वेगाचे कौतुक आपण जरा जास्तच करतो.

पण चढ आला की हा फायदा आटतो. भोर घाटात रुळांचा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला एक मीटर आहे. अशा चढावर टनामागे १०००/३७, म्हणजे सुमारे २७ किलोग्रॅम-भार नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्चावा लागतो; सपाटीच्या तुलनेत एकूण बल जवळजवळ दहापट. (वर्गात एक खेळण्यातली गाडी, एक फळी आणि ताणकाटा घेऊन हे सहज दाखवता येईल.) म्हणूनच कर्जतहून वर जाणाऱ्या गाड्यांना आजही मागून रेटा देणारी इंजिने जोडतात. सुमारे २५ किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटर चढणारा हा मार्ग २५ बोगदे खोदून १८६३ मध्ये पुरा झाला. हजारो मजूर त्यात मेले, बरेचसे पटकीसारख्या रोगांनी. थळ घाटाचा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला.

इथे एक गंमत आहे. मुंबईच्या कापूस-भरभराटीचे श्रेय पुष्कळदा रेल्वेला दिले जाते. परंतु ज्या अमेरिकन यादवीमुळे भाव चढले ती १८६१ ते १८६५ या काळातली, आणि गाडी नागपूरला पोचली १८६७ मध्ये, खामगावला १८७० मध्ये! तेजी ओसरल्यावर रूळ आले. त्यांनी वऱ्हाडच्या शेतकऱ्याला लिव्हरपूलच्या भावाशी कायमचे बांधले. १८७० मध्येच समुद्राखालची तार मुंबईला पोचली होती. तिकडचा भाव उतरल्याची खबर आता काही तासांत बंदरावर येई, आणि पाठोपाठ त्याचा फटका शेताच्या बांधापर्यंत.

मग कारखाने? इंग्लंडमध्ये रेल्वेने लोखंड, कोळसा आणि यंत्रे यांना प्रचंड मागणी निर्माण केली, आणि ती मागणी देशातच भागली. जर्मनीत १८३५ मध्ये पहिली गाडी धावली ती इंग्लंडहून आणलेल्या इंजिनावर. पण १८४१ मध्ये बर्लिनच्या बोर्सिगने स्वतःचे इंजिन बनवले. सहा वर्षांत! आपल्याकडे संपूर्णपणे इथेच बांधलेले पहिले इंजिन अजमेरच्या कारखान्यातून बाहेर पडले १८९५ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी.

हे काही कारागिरांच्या अंगी कसब नव्हते म्हणून झाले नाही. परळच्या कारखान्यात आपलेच कामगार इंजिने उघडून दुरुस्त करत होते. कारण हिशेबात होते. रेल्वे कंपन्या इंग्लंडच्या. त्यांच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिलेली. उत्पन्न कमी पडले तर भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे अखेर शेतसाऱ्यातून. खरेदीचे निर्णय लंडनला होत, आणि इंजिने साहजिकच तिकडच्या कारखान्यांतून येत. भाड्याचे दरही बंदराकडे जाणाऱ्या कच्च्या मालाला सोयीचे होते. १९१६-१८ च्या औद्योगिक आयोगानेही याची दखल घेतली.

अर्थात रूळ एकाच कामी येतात असे नाही. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल मुंबईत न काढता १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला सुरू केली. कापूस शेजारी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि सूत बाहेर न्यायला तीच रेल्वे. निर्यातीसाठी टाकलेल्या मार्गाचा त्यांनी उलटा उपयोग करून घेतला. असे करू शकणारे थोडे होते, एवढेच.

स्वातंत्र्यापर्यंत हिंदुस्थानने ब्रिटनकडून सुमारे बारा हजार इंजिने विकत घेतली. त्याच काळात देशात बांधलेली इंजिने भरली जेमतेम सातशे. मोठ्या प्रमाणावर इंजिने बांधण्यासाठी उभारलेला चित्तरंजनचा कारखाना सुरू झाला १९५० मध्ये, बोरीबंदरहून पहिली गाडी सुटल्यानंतर सत्त्याण्णव वर्षांनी.