उघडा दिवा आणि कागदाचा कंदील

दिवाळी संपली की आकाशकंदील खिडकीतून उतरतो आणि माळ्यावर जातो. एका वर्षी आमच्या घरी तसे झाले नाही. कामट्या, खळ आणि पांढरा पतंगाचा कागद घेऊन मुलीने कंदील स्वतः केला होता. तो टाकून द्यायला तिची तयारी नव्हती. शेवटी तिच्या अभ्यासाच्या खोलीतल्या उघड्या दिव्यावरच आम्ही तो अडकवला. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "बाबा, कागदाने उजेड अडतो ना? मग आता वाचताना जास्त बरं का वाटतं?"

हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. कागदामुळे उजेड वाढत नाही, हे नक्की. काही प्रकाश कागद शोषून घेतो, म्हणजे खोलीत येणारा एकूण प्रकाश कमीच होतो. मग बदलते काय?

कागदाचे काम

कागद म्हणजे सेल्युलोजच्या बारीक तंतूंचे जाळे. तंतूंच्या मधे हवा असते. सेल्युलोजचा अपवर्तनांक सुमारे १.५, तर हवेचा १. प्रकाशकिरण तंतूतून हवेत आणि हवेतून पुन्हा तंतूत जाताना दर वेळी थोडा वळतो, थोडा परावर्तित होतो. असे अनेकदा घडल्यावर बाहेर पडणाऱ्या किरणाची मूळ दिशा उरत नाही. यालाच आपण प्रकाशाचे विकिरण म्हणतो. म्हणून आतला दिवा वेगळा दिसत नाही, सगळा कागदच उजळलेला दिसतो.

याची खात्री करायची असेल तर कागदावर गोडेतेलाचा एक थेंब टाका. तेलाचा अपवर्तनांक सेल्युलोजच्या जवळचा आहे. तंतूंमधल्या हवेची जागा तेलाने घेतली की विकिरण कमी होते आणि प्रकाश आरपार जातो. कागद दिव्यासमोर धरला तर डाग उजळ दिसतो. उजेड आपल्या बाजूने पडत असेल तर तोच डाग काळपट दिसतो. दोन दिव्यांच्या प्रकाशाची तुलना करण्यासाठी रॉबर्ट बुन्सेन यांनी याच डागाचा उपयोग केला होता. प्रयोगशाळेतल्या बर्नरला ज्यांचे नाव आहे, तेच हे बुन्सेन.

थोडे गणित

समजा, दिव्याच्या गोळ्याचा व्यास ६ सेंमी आणि कंदिलाचा ३० सेंमी आहे. व्यास ५ पट, म्हणजे समोरून दिसणारे क्षेत्रफळ २५ पट. कागदाने निम्मा प्रकाश खाल्ला असे धरू. उरलेला निम्मा २५ पट क्षेत्रावर पसरला, तर कंदिलाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरचे तेज उघड्या दिव्याच्या १/५० होते. फार तेजस्वी वस्तू नजरेच्या टप्प्यात असली की तिचा प्रकाश डोळ्याच्या आतही विखुरतो, त्यामुळे इतर वस्तूंची प्रतिमा फिकी पडते. डोळे दिपतात ते यामुळे. वहीवर उजेड कमी पडूनही मुलीला बरे वाटले, त्याचे एक कारण हे.

दुसरे कारण सावली. दिवा वहीवर धरलेल्या बोटापासून १५० सेंमी उंच आहे आणि बोट वहीच्या १० सेंमी वर आहे, असे समजा. बोटाची जाडी १.५ सेंमी. समरूप त्रिकोणांवरून काढले तर ६ सेंमीच्या दिव्याने पडणारी प्रच्छाया, म्हणजे गडद सावली, १.२ सेंमी रुंद येते. ३० सेंमीच्या कंदिलाखाली प्रच्छाया वहीपर्यंत पोहोचतच नाही, फक्त फिकट उपच्छाया उरते. दहावीचे विद्यार्थी ही आकृती काढू शकतील.

हाच बदल साऱ्या खोलीत होतो. कपाटाच्या, खुर्चीच्या सावल्यांच्या कडा मऊ होतात. कंदिलातून वर आणि बाजूला गेलेला प्रकाश पांढऱ्या भिंतींवरून, छतावरून परत येतो आणि कोपरे उजळतात. भिंती गडद असतील तर हा लाभ मिळत नाही. शिल्पकार इसामु नोगुची यांनी जपानमधल्या गिफू गावचे पारंपरिक कागदी कंदील पाहून १९५१ साली विजेच्या दिव्यांसाठी 'अकारी' ही मालिका सुरू केली. तिथेही सामग्री बांबू आणि कागद हीच होती.

रंग आणि उष्णता

वाचण्यासाठी कागद पांढराच हवा. लाल कागद हिरवा आणि निळा प्रकाश अडवतो, त्यामुळे लाल कंदिलाखाली हिरवे पान काळपट दिसते. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात तांबडा भाग जुन्या तारेच्या बल्बपेक्षा कमी असतो, त्यामुळे तोच लाल कंदील एलईडीवर आणखी मंद वाटतो. कंदील खालून उघडा ठेवला तर वहीवर पुरेसा उजेड पडतो. बाकीचा प्रकाश कागदातून खोलीभर जातो.

तारेच्या बल्बला दिलेली बहुतेक वीज उष्णतेत जाते. ६० वॉटचा बल्ब कागदाला टेकला तर कागद करपू शकतो, पेटूही शकतो. म्हणूनच पूर्वी कंदिलात १५ वॉटचा 'झिरो' बल्ब लावत. एलईडी कमी तापतो, पण त्याच्या बुडाशी असलेले इलेक्ट्रॉनिक भाग कोंडलेल्या उष्णतेने लवकर खराब होतात. तेव्हा कंदील वरूनही उघडा असावा आणि कागद दिव्यापासून चारही बाजूंनी दूर राहावा.

वर्गात करून पाहा

पतंगाचा पांढरा कागद, वर्तमानपत्र, ट्रेसिंग पेपर आणि रंगीत जिलेटीन यांचे सारख्या आकाराचे तुकडे घ्या. प्रत्येक तुकडा दिव्यापासून हातभर अंतरावर धरून विद्यार्थ्यांनी दोन गोष्टी लिहाव्यात : पलीकडचा दिवा ओळखू येतो का, आणि भिंतीवर पडलेली पेन्सिलीची सावली कशी दिसते. जिलेटीन रंग बदलते, पण दिवा लपवत नाही. असे का, हे त्यांनाच सांगू द्या. कार्यानुभवाच्या तासाला मुले कंदील करतातच. तो तसाच विज्ञानाच्या तासाला आणला, तर वेगळे साहित्य विकत घ्यावे लागणार नाही.