जुना बंब घेतांना

कार्तिक सरला कीं साकोलीस पहांटेची हवा अंगाला झोंबूं लागते. तळ्यांचा आणि धानाच्या बांध्यांचा हा मुलूख. थंडी येथें ओल घेऊनच येते. आमचें घर अकरा माणसांचें. त्यांत ऐंशी वर्षांच्या काकू. त्यांचें स्नान सूर्योदयापूर्वीं झालेंच पाहिजे. विजेचा गीझर आहे, पण तो पंधरा लिटरांचा, आणि वीज गेली म्हणजे तोहि मुका. गेल्या वर्षीं असे तीन दिवस गेले. काकूंनीं हट्टानें गार पाणी अंगावर घेतलें आणि पुढें आठवडाभर अंथरूण धरलें. तेव्हां ठरलें कीं, तांब्याचा जुना बंब घ्यावयाचा.

'बंब' शब्दाचें नातें 'बिंबा'शीं जोडण्याचा मोह मला तरुणपणीं झाला होता. व्युत्पत्ति निराळी निघाली. पोर्तुगीज भाषेंत 'बोंबा' म्हणजे पंप. आगीच्या बंबाचेंहि मूळ तेंच. रचना मात्र रशियांतील किंवा काश्मिरांतील समोवाराची सख्खी बहीण: मध्यें उभी नळी, तिच्या तळाशीं जाळी, जाळीवर विस्तव, आणि नळीच्या सभोंवतीं पाणी. अग्नि पाण्याच्या पोटांत असल्यामुळें चुलीपेक्षां उष्णता कमी वायां जाते. चाळीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर नेण्यास १६०० किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोंत सुमारें ३५०० असतात. त्यांतील तिसरा हिस्सा जरी पाण्यास पोंचला, तरी दीड किलोच्या आंत काम होतें. आमच्याकडे बांधांवरची तूर निघाली कीं तुऱ्हाट्यांचा ढीग पडतो, तेवढ्यावर भागतें.

भंडारा पितळी भांड्यांबद्दल पूर्वींपासून प्रसिद्ध. सुमारें ४० किलोमीटरांवरचें तें गांव सोडून मीं घाईनें दुसऱ्याच ठिकाणीं, एका मोडीच्या दुकानीं, बंब घेतला. चकचकीत होता, मीं चकाकीस भुललों. आयुष्यभर मुलांना 'दिसतें तसें नसतें' हें शिकविणारा मी! घरीं पाणी भरून विस्तव घातला. पाव तासानें नळीच्या आंतील सांधा उकलला. सांध्यांत लुकण भरून वर काळा रंग फासलेला होता. पाणी निखाऱ्यांवर पडून वाफ आणि राख खालच्या तोंडातून उसळली. समोर फुंकणी घेऊन बसलेल्या धाकट्या सूनबाईंचा हात मनगटापर्यंत भाजला. फोड महिनाभर राहिले. तिनें मला एका शब्दानें बोल लाविला नाहीं, हें अधिक लागलें. दुकानदार म्हणाला, "मोडीचा माल परत नसतो, गुरुजी."

दुसऱ्या खेपेस एका म्हाताऱ्या तांबटास बरोबर नेलें. नागपुरास बिऱ्हाड हलविणाऱ्या ओळखीच्या घरचा बंब होता. त्यानें बाहेरच्या अंगाकडे पाहिलेंच नाहीं. नळी उन्हाकडे धरून आंत डोळा लावला. तांबें झिजतें तें आंतून, जाळीच्या वर वीतभर. तेथें बोटाच्या गांठीनें वाजवून पाहिलें. मग झाळ तपासली. कथलाची झाळ १८० ते २२० अंशांत वितळते, पितळी झाळ आठशें अंशांच्याहि पुढें. पाणी आहे तोंवर तांबें शंभराच्या आसपासच राहतें, म्हणून कथलाचा सांधा टिकतो. रिकाम्या बंबांत जाळ केला कीं तो गळालाच. शिवाय जुन्या कथलाच्या झाळींत शिसें असतें, तेव्हां असल्या बंबाचें पाणी स्वयंपाकास किंवा पिण्यास घेऊं नये. वरचें झांकण सैल आहे ना, कोणी 'गळतें' म्हणून तेथें झाळून टाकलें नाहीं ना, हेंहि त्यानें पाहिलें. वाफेला वाट नसली तर बंब फुटतो.

मग त्यानें बंब भरून रात्रभर कोरड्या जमिनीवर ठेवण्यास सांगितलें. सकाळीं खालीं ओल नव्हती. तोटीशीं थेंब होता, तो नव्या वायसरनें थांबला. तांबें मोडीच्या भावानें वजनावर घ्यावयाचें, म्हणून लोखंडी जाळी आणि पाय काढून, राख झटकून मगच कांट्यावर चढविलें. आंतल्या भिंतीवर विहिरीच्या पाण्याच्या क्षारांचा जाड थर होता. तो थर तांब्याच्या भावानें कां घ्यावा? मालकांनीं हंसून वजनांत सूट दिली. घरीं चिंचेच्या पाण्यानें तो चार दिवसांत सुटला.

बंब न्हाणींत ठेवण्याचा माझा विचार तांबटानें मोडून काढला. कोंडलेल्या खोलींत निखाऱ्यांपासून कार्बन मोनॉक्साइड निघतो; त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि न्हाणारा माणूस बसल्या जागीं शुद्ध हरपतो. म्हणून बंब मागील पडवींत, मोकळ्या हवेंत आहे. पाणी बादलीनें आंत न्यावें लागतें. तें काम नातवांकडे. विस्तव घालण्याआधीं पाण्याची पातळी मी स्वतः पाहतों, आणि सूनबाईंस फुंकणीशीं बसूं देत नाहीं.

काकूंचें स्नान आतां वेळेवर होतें. त्यांची तक्रार एकच: तोटी डाव्या हातास आली.