मृगाच्या किड्याचा भाऊबंद

पहिला पाऊस पडला की गावाकडे ओल्या मातीवर लाल मखमली मृगाचा किडा दिसतो. लहानपणी आम्ही तो तळहातावर घेऊन बसत असू. तो चावत नाही. त्याच्या एका भाऊबंदाची ओळख मात्र प्रत्येक घराला हवी. त्याचे नाव चिगर.

दोघेही कोळ्याच्या वर्गातले. चिगरच्या कुळाला शास्त्रज्ञ ट्रॉम्बिक्युलिडी म्हणतात. जगभरात त्याच्या सुमारे ३००० जाती आहेत. मोठा चिगर आठ पायांचा असतो. तो मातीत राहतो, किड्यांची अंडी खातो आणि माणसाच्या वाटेला जात नाही. उपद्रव फक्त सहा पायांच्या पिल्लाचा. मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढे हे पिल्लू गवताच्या पात्यावर दबा धरून बसते आणि उंदीर, घूस किंवा माणूस जवळून गेला की चिकटते. ते रक्त पीत नाही. लाळेने कातडीच्या पेशी विरघळवून तो रस पिते. काही दिवसांत पोट भरले की मातीत गळून पडते.

काही जातींच्या अंगात स्क्रब टायफसचे जंतू असतात. ते मादीकडून अंड्यांत उतरतात, म्हणून गवताचा एखादा तुकडा वर्षानुवर्षे धोक्याचा राहतो. एका माणसाकडून दुसऱ्याला मात्र हा रोग लागत नाही.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात या तापाची साथ आली. काही रुग्ण दगावले. नवी मुंबईतल्या आपल्या कित्येक घरांचे गाव तिकडेच. दसरा-दिवाळीला आपण जातो, शेतात उतरतो, गवत कापतो, सरपण आणतो. इथेही पारसिक डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांना गवत आणि उंदीर नवे नाहीत.

चावल्यावर साधारण दहा-बारा दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. तोवर आपण कामावर परतलेले असतो आणि गवत विसरलेलो असतो. काख, जांघ, छातीखाली किंवा कमरेच्या नाडीखाली विडीच्या चटक्यासारखी काळी खपली दिसू शकते. ती दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. आयाबहिणी तर लाजेने दाखवत नाहीत. काहींना खपली येतही नाही.

वेळीच ओळखले तर डॉक्सिसायक्लिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधाने हा रोग बरा होतो. गरोदर बाईला कोणते औषध द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. अंगारे-धुपारे करण्यात किंवा मनाने गोळ्या खाण्यात दिवस गेले, तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदूवर घाला येतो.

गवतात जाताना अंगभर कपडे घाला. गवतावर लोळू नका, कपडे वाळत घालू नका. घरी येताच साबणाने आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा. घराभोवतीचे गवत आणि कचरा काढा.

आणि ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा, ‘आम्ही गवतात गेलो होतो.’ खपली असेल तर ती दाखवायला लाजू नका.